दाजींनी पाठवलेला मेल

साहेबांचे ते मेल कुणी पाठवले, कुणाला पाठवले आणि त्यात लिहिलं काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या मेलांपायी माझा सख्खा धाकटा भाऊ भाऊबीजेच्या दिवशी पाटावरून उठून गेला. निरांजन पेटलेलं होतं, ताट माझ्या हातात होतं, आणि हा पठ्ठ्या चपला घालून दाराबाहेर.

साहेब म्हणजे आमच्या पाणी योजनेचा कारभार ज्यांच्याकडे होता ते. सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगत बसत नाही. माझ्या मोरीत, गच्चीवर, जिन्याखाली आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून दिवाणामागे जी पिंपं आहेत, त्यांनाच विचारा. तर ती योजना रखडली. साहेबांच्या माणसांचं म्हणणं असं की साहेबांनी वर मंत्रालयात सरकारी मेलवरून पत्रांमागून पत्रं धाडली, वरच्यांनी ती दाबली. विरोधकांचं म्हणणं, यांनी एक ओळ पाठवलेली नाही, पाठवली असेल तर दाखवा. दाखवायला म्हणून कार्यालयातला संगणक उघडला, तर साहेबांच्या काळातले सगळे मेल गायब. झालं! अख्खं शहर दोन भागांत चिरलं गेलं. दुधाच्या केंद्रावर भांडण, रिक्षा थांब्यावर भांडण. शेजारच्या यंत्रमागवाल्यांच्या घरात तर भांडण तेलुगूत चालायचं, पण मधूनमधून ‘सर्व्हर’ आणि ‘बॅकअप’ ऐकू आलं की मला विषय कळायचा.

आमच्या घरात साहेबांच्या बाजूने माझे यजमान. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मीही तेच म्हणते. आणि विरोधकांच्या बाजूने माझा भाऊ. माढ्याला असतो, ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उठून बसतं. तो यांना दाजी म्हणतो आणि मला आक्का. एरवी दोघांचं इतकं गूळपीठ की मी मध्ये बोलले तर दोघेही माझ्यावरच उलटायचे. पण राजकारण निघालं की खलास.

बरं, दोघांना मेलमधलं काही कळतं म्हणावं, तर तेही नाही. सर्व्हर म्हणजे एक बंद खोली असते अशी मास्तरांची समजूत. माझ्या भावाच्या मते ते कपाट. त्यामुळे भाऊ सारखा विचारायचा, किल्ली कुनाकडं हुती? आणि मास्तर म्हणायचे, किल्लीचा प्रश्नच येत नाही, आत उष्णता वाढते.

त्या भाऊबीजेला मी पहाटेपासून राबत होते. शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, कारण त्या त्याला आवडतात. कडक भाकरी वेगळी बांधून ठेवली होती, गावाकडे न्यायला. पाटाभोवती रांगोळी काढली, त्याला बसवलं, डोक्यावर मास्तरांची टोपी ठेवली. मी ताट घेऊन येते तोवर यांचं सुरू झालेलं.

“दाजी, मेल काय चिमण्या हायत व्हय, उडून जायला?”

“तांत्रिक बिघाड असतो तो. उष्णतेने होतं.”

“उन्हाळ्यात हितं समद्यांचंच डोस्कं तापतंय. म्हनून कुनी सरकारी कागद खात न्हाय.”

“साहेबांनी पाठवले म्हणजे पाठवले. सभ्य माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

“शब्दाला न्हाय दाजी, पुराव्याला हाय. पुरावा दाखवा. ह्यो बगा माझा फोन. ह्यातला एक तरी मेल गायब झालाय का? एकूनएक जाग्यावर हाय!”

मी म्हटलं, “अरे, ओवाळून घे की आधी, तेल संपायला लागलं.” पण ऐकतंय कोण. आणि मग मास्तरांच्या तोंडून ते निघालं. चष्मा काढून, पुसून, वर्गात बोलतात तशा थंड आवाजात म्हणाले, “गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाने मला पुरावा शिकवू नये.”

मला वाटलं जमीन फाटावी. माझा भाऊ दहावीला दोनदा गणितात आपटला होता, हे खरं. दुसऱ्या वेळी तर मास्तरांनीच त्याला आमच्या घरी ठेवून शिकवलं होतं. आजवर त्या गोष्टीवरून त्याने स्वतःच किती विनोद केले असतील, पण यांनी कधी एक शब्द काढला नव्हता. आणि काढला तो नेमका त्या दिवशी, त्या पाटावर.

भावाने टोपी काढली, घडी घालून पाटावर ठेवली. माझ्यासाठी आणलेली साडीची पिशवी टोपीशेजारी ठेवली. “येतो आक्का,” म्हणाला आणि गेला. भाकरीचं गाठोडं तसंच राहिलं. मी ती साडी उघडूनही बघितली नाही. न ओवाळता ओवाळणी कसली घ्यायची? कपाटात टाकली आणि मास्तरांना म्हटलं, “ह्या साडीची घडी मोडेल ना, त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलेन.” तोवर मी त्यांच्याशी वाकडंच बोलले, आणि भरपूर बोलले.

तेवढ्यात लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, पुण्याला नोकरीला. मुलगा चांगला, घर चांगलं, मुहूर्त फाल्गुनातला. एरवी मी हरखले असते, पण मला आधी भाऊच आठवला. आमच्याकडे नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो तो मामा. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभा असतो तो मामा. मला भाऊ एकच. आणि लेकीने फोनवर स्वच्छ सांगितलं, “आई, मामा नसेल तर मी उभी राहणार नाही. बाबांना काय करायचं ते करू दे.”

पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला, ही आमची रीत. आणि ती द्यायची ती दोघांनी जोडीने जाऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन. मी मास्तरांना म्हटलं, रविवारी माढ्याला जाऊ. म्हणाले, “मी येणार नाही. मी त्यांना रीतसर लेखी कळवतो.”

“कसं? मोबाइलवर?” फॅमिली ग्रुपमधून दोघेही आपणहून बाहेर पडले होते, म्हणून विचारलं.

“तो चावडीवरचा प्रकार झाला. मी मेल पाठवतो.” आणि खरंच, लेकीकडून मामाचा मेलचा पत्ता मागवून घेतला, दार लावून संगणकासमोर बसले, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी बाहेर येईनात. आले तेव्हा डोळे लाल. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, “स्क्रीनचा त्रास.”

आठवडा गेला, दुसरा गेला. माढ्याहून चकार शब्द नाही. शेवटी मी भावजयीला फोन लावला. ती बिचारी कुजबुजतच बोलली, “वन्सं, हितं काय बी आलं न्हाय ओ. ह्ये तर रोज विचारत्यात, कुनी आलतं का म्हनून. चेहरा बगवत न्हाय बगा.”

माझं टाळकंच फिरलं. मी फोन चालू ठेवून तरातरा मास्तरांच्या खोलीत गेले. “तुम्ही पाठवला म्हणालात ना मेल? कुठे गेला?”

“पाठवला म्हणजे पाठवला.”

“दाखवा.”

संगणक चालू केला. पाठवलेल्या मेलांचा जो काही कप्पा असतो तो उघडला. आत शुकशुकाट. एक मेल नाही. वर्षानुवर्षं मेल करणाऱ्या माणसाचा कप्पा, आणि नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ.

“हे काय?”

“मी पुसतो,” मास्तर म्हणाले.

“काय पुसता?”

“काम झालं की पुसतो. कचऱ्याची टोपलीही रिकामी करतो. त्यात काय विशेष?”

आता मी कपाळाला हात लावला. या माणसाने आयुष्यभर प्रत्येक तासानंतर फळा पुसला. घंटा झाली, पोरं पळाली, तरी हे फळा पुसल्याशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकत नसत. पुढच्या मास्तराला आपला फळा पुसायला लागणं म्हणजे यांना अब्रू गेल्यासारखं वाटायचं. घरी किराण्याची यादी भिंतीवरच्या पाटीवर लिहिली तर अर्धं सामान यायच्या आत यांनी ती पुसलेली. तेच आता मेलचं!

आणि माझ्या हातातला फोन चालूच होता. पलीकडे भावजयीच्या हातून तो भावाने कधी घेतला कोण जाणे. आधी खुसखुस ऐकू आली, मग असा गडगडाट की मास्तर खुर्चीतून उठलेच.

“दाजींचं बी मेल गायब! आगं आक्का, ह्यांच्या सायबाची हवा लागली की गं ह्यांना! विचार, उष्णता वाढली का म्हनून! पुरावा हाय का म्हनावं, पुरावा?”

मास्तरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “मी पाठवला होता,” आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडे भाऊ हसायचा थांबला. म्हणाला, “न्हाय बोलवायचं तर न्हाय म्हना. पन पाठवलं म्हनून सांगू नका.” आणि फोन ठेवला.

म्हणजे आता प्रकरण आणखी बिघडलं. मास्तर खोटारडे ठरले आणि भाऊ बिनबोलावण्याचा राहिला. मला दोघांचाही इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकवाचा करंडा, अक्षतांची पुडी आणि पत्रिका पिशवीत घातली आणि एकटीच एसटीत बसले. मास्तर दारात म्हणाले, “मी येऊ का?” मी म्हटलं, “तुम्ही आधी फळा पुसा.”

भाऊ ओट्यावरच बसला होता. मी चहाला न थांबता त्याला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका दिली. माहेरच्या ओट्यावर बसले की माझी जीभ आपोआप वळते. “ह्ये घे. आता येतोस का न्हाय?”

त्याने पत्रिका डोक्याला लावली आणि बाजूला ठेवली. “आक्का, तुजं बोलावनं मिळालं. पर पोरीचा बाप बोलवत नसंल तर मी कुनाच्या मांडवात उबा ऱ्हाऊ?”

“त्यांनी मेल पाठवलाय.”

“कुटं हाय?”

“तुझ्या फोनात बघितलास का कधी?”

तो जरा चाचरत म्हणाला, “माझ्या फोनात मेल कुटून बगायचा?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. भाऊबीजेला हाच फोन नाचवून ‘एकूनएक मेल जाग्यावर’ म्हणणारा हाच! भावजय पदराआड हसायला लागली. मग खरं बाहेर आलं. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने मेलचा पत्ता काढून दिला होता, लेकीने भरलेल्या कसल्याशा अर्जाला लागतो म्हणून. त्यानंतर याने ती मेलची पेटी कधी उघडलीच नव्हती. एकही गायब झाला नाही कारण एकही वाचलाच नव्हता.

लेकीला फोन लावला. ती पुण्याहून सांगते, हे दाब, ते दाब, मामा तिथे नको, खाली. शेवटी पेटी उघडली. जाहिराती, जाहिराती, नुसत्या जाहिराती. कर्ज घ्या, बूट घ्या, परदेशी सहलीला चला. आणि त्याही जुन्या. लेक म्हणाली, “आई, मामाची पेटी कधीच गच्च भरलीय. नवीन काही आत येतच नाहीये. बाबांचा मेल आल्यापावली परत गेला असणार. तसं बाबांना इंग्रजीत कळवलंही असेल.”

इंग्रजीत अनोळखी माणसाकडून आलेलं पत्र म्हणजे मास्तरांनी ते कधीच पुसलेलं असणार, हे मला सांगायला कुणी नको होतं.

म्हणजे यांच्याकडे पाठवल्याचा पुरावा नाही, याच्याकडे आल्याचा पुरावा नाही, आणि मेल हवेत विरला. म्हैस दावणीला रवंथ करत होती. भाऊ फोन हातात उलटसुलट करत हळूच म्हणाला, “आक्का, खरं सांग. दाजी खोटं बोलत्यात का?”

मी खरं तेच सांगितलं. “हट्टी हायत. तोंडानं तिखट हायत. त्या दिवशी तुला बोलले ते मी मरंपतूर इसरनार न्हाय. पर खोटं? आरं, पोटची पोर चाचणीत एका मार्कानं नापास झाली तर त्यो एक मार्क दिला न्हाय त्या मानसानं. पोर दोन दिस जेवली न्हाय, मी भांडी आपटली, तू सोता माढ्यासनं आलास समजूत घालायला. दिला का?”

“न्हाय दिला,” भाऊ म्हणाला. आणि त्याला हसू फुटलं. “वर मलाच म्हनले, बसा, तुमालाबी गनित समजावतो.” हसता हसता त्याने डोळे पुसले. मग मला काही कळायच्या आत मास्तरांना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

“दाजी, तुमचा मेल मिळाला बगा.”

मी त्याच्या दंडाला धरलं. त्याने हात झटकला.

पलीकडून मास्तर, एकदम बारीक आवाजात, “मिळाला? नक्की?”

“मंग! मागंच आलता, जाहिरातींच्या बुडाला घावला. सांगितलं हुतं की, माझ्या फोनातलं काय बी हरवत न्हाय.”

“वाचला?”

“वाचला की.”

“पूर्ण? शेवटपर्यंत?”

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, डोंबल? आणि त्याने दिलं ठोकून. “शेवटापतूर वाचला. खरं सांगू का दाजी, शेवटचं तर लई आवडलं.”

यावर पलीकडून जे ऐकू आलं ते मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. “ते लिहिताना मला फार जड गेलं,” मास्तर म्हणाले. “तुमच्या तोंडावर बोलायला जमलं नसतं मला. म्हणून तर लिहिलं. नाहीतर मी आलो असतो हो माढ्याला.”

भाऊ रडायला लागला. काय लिहिलं होतं त्याचा याला पत्ता नाही, पण रडतोय आपला. “जाऊ द्या की दाजी. झालं गेलं.”

“मग येताय ना?”

“भाचीच्या मागं मी न्हाय तर कोन उबा ऱ्हानार?”

मी पिशवीतून निरांजन काढलं. हो, तेही नेलं होतं मी. ओट्यावरच पाट मांडला, भावजयीने तेल-वात दिली, आणि फाल्गुन तोंडावर आलेला असताना मी माझ्या भावाची भाऊबीज केली. टोपी नव्हती म्हणून त्याने डोक्यावर टॉवेल घेतला.

लग्नात मी ती साडी नेसले. जांभळी निघाली, मला जांभळा रंग मुळीच आवडत नाही, पण नेसले. मामा फेटा बांधून लेकीच्या मागे उभा राहिला, छाती अशी पुढे काढून की जणू त्याचंच लग्न. मंगलाष्टकं संपल्यावर गर्दीत मला गाठून कानाशी लागला, “आक्का, काय लिवलं हुतं गं दाजींनी त्या मेलमदी?”

“मला काय ठाऊक? तूच विचार की.”

“मी कसा इचारू? मी वाचलाय न्हवं!”

मीही विचारू शकले नाही. विचारायला गेले तर भावाचं बिंग फुटणार. एकदा आडून आडून विषय काढला तर मास्तर म्हणाले, “ते आमच्या दोघांत आहे,” आणि पेपर उघडला. त्या दिवशी ते सकाळभर शीळ घालत होते.

साहेबांचे मेल काही सापडले नाहीत. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. भाऊ आला की अजून दोघांचं साहेबांवरून जुंपतं, मी ऐकत ऐकत पोळ्या लाटते. भाऊ आवाज चढवत चढवत शेवटी नेहमीच्या जागी येतो, “पन पुरावा कुटं हाय, दाजी? पाठवल्याचा पुरावा दाखवा!”

आणि मास्तर चष्मा काढतात, पुसतात, आणि शांतपणे म्हणतात, “पुरावा माझ्याकडे तरी कुठे होता? तरी माझा मेल तुम्हाला मिळालाच ना?”

भाऊ माझ्याकडे बघतो. मी तव्याकडे बघते.

“मिळाला की,” तो म्हणतो, आणि गप्प बसून पोळी खातो.